बंद घरांची वही

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार

पितृपक्ष सरला, दसराही झाला. आता कुणाकडे घराचा विषय काढला तर तोंडं वाकडी होणार नाहीत, म्हणून आजपासून वही सुरू.

बडोद्याच्या वाघोडिया रोडचा फ्लॅट विकल्याचे पैसे बँकेत आहेत, त्यात धाकट्या भावाची भर. एकूण मर्यादा ७५ लाख. घर, स्टॅम्प, वकील, दुरुस्ती सगळं त्यात बसवायचं. जुन्या शहरातलं एक पडीक घर घ्यायचं, नीट करायचं आणि विकायचं. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या घरांची दुरुस्ती केली, या खेपेला स्वतःच्या जोखमीवर. दलालाकडे आलेलं घर आधीच दहा जणांना दाखवून झालेलं असतं आणि त्याचा भावही दलालच ठरवतो. म्हणून जे अजून बाजारात आलेलंच नाही ते शोधायचं.

ऑगस्टच्या पुरानंतर समा आणि अकोट्याकडे ‘पडेल भावात’ घरं मिळतील, असं तिघांनी सांगितलं. तिथे लोक अजून गाद्या वाळवतायत. धाकटा म्हणतो, धंदा आहे, जायला काय हरकत? मी नाही म्हटलं. विश्वामित्रीचं पाणी घरात बघून महिना-दीड महिना झालेला माणूस कुठल्याही कागदावर सही करतो, आणि सहा महिन्यांनी शुद्धीवर आला की कोर्टात जातो.

१७ ऑक्टोबर

तीन दिवस सकाळी साडेसहा ते नऊ पायी फिरले. दांडियाबाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, शियाबाग, मदनझांपा, घीकांटा. स्कूटरवरून काही दिसत नाही. गल्लीत चालताना मान वर करावी लागते.

कुलूप बघून काही कळत नाही. अर्ध्या बडोद्याची मुलं परदेशात आहेत, कुलपं असणारच. मी वीजमीटर बघते. काचेवर धूळ आणि आकडा हलत नसेल तर घर खरंच बंद. मीटरच काढून नेला असेल तर बरीच वर्षं बंद. मग दाराच्या फटीतून आत सरकवलेली वेऱ्याची (महापालिकेच्या घरपट्टीची) बिलं, एकावर एक. मग पन्हळ. पन्हळ तुटली की पाणी भिंतीवरून उतरतं, चुन्याचा गिलावा फुगतो आणि त्या ओलीत पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळ रुजतो. यादीतल्या चौथ्या नंबरच्या घराच्या मागच्या भिंतीत तो मनगटाएवढा झालाय. मूळ दोन विटांच्या मधून शिरून खालच्या खिडकीच्या चौकटीपर्यंत आलंय. खिडकी आता बंद होत नसणार.

एकूण एकतीस घरं टिपली. चौथ्या नंबरच्या ओटल्यावर एक शिंपी मशीन घेऊन बसतो. मी वर बघतेय हे त्यानं टिपलं. “बेन, ए घर तो वरसोथी बंध छे. लेवानुं छे?” मी म्हटलं, नुसतं बघतेय. त्यानं काही विश्वास ठेवला नाही. वेऱ्याच्या बिलावर नाव असलेल्या काकांचा मांजलपूरचा पत्ता मात्र त्यानंच दिला.

शेवटी सेव-उसळ खाऊन घरी.

२४ ऑक्टोबर

कागदांचा आठवडा. एकतीसचे अकरा झाले.

मावसभाऊ ओहायोत नोकरी सांभाळून हाच धंदा करतो. त्याच्याकडे काउंटीच्या संकेतस्थळावर मालकाचं नाव, त्याचा टपालाचा पत्ता, थकलेला कर, सगळं दिसतं. गाडीतून फिरायचं, गवत वाढलेली घरं टिपायची, घरी येऊन पत्रं टाकायची. फोनवर तो म्हणाला, “तुमच्याकडेही आता सगळं ऑनलाइन आहे ना?” आहे. एनीआरओआर या सरकारी नोंदींच्या संकेतस्थळावर प्रॉपर्टी कार्ड दिसतं, सेन्सस नंबर टाकला की महापालिकेचा वेरा किती बाकी तेही दिसतं. फक्त कार्डावरची माणसं स्वर्गवासी आहेत. अकरापैकी सात कार्डांवर मालक म्हणून ज्यांचं नाव आहे ते हयात नाहीत. एकाच्या फायलीत तर मूळ कागद बडोदे संस्थानच्या स्टॅम्पचा निघाला.

वेऱ्याच्या बिलावर नाव आहे म्हणून तो मालक, असं समजायचं नाही. बिल ज्याला पोचतं त्याचं नाव तिथे चढलेलं असतं. हे मला माहीत होतं. (नंतर जोडलेली ओळ: तरी पुढे चूक केलीच, ती २ डिसेंबरला लिहिली आहे.)

पाच घरं अशांत धाऱ्याच्या भागात निघाली. १९९१ च्या या कायद्याखाली अधिसूचित भागात घर विकायचं तर आधी कलेक्टरची परवानगी लागते. विकणारा राजीखुशीनं विकतोय आणि किंमत वाजवी आहे, याची चौकशी होते. परवानगीशिवाय केलेला व्यवहार टिकत नाही. पहिल्याच प्रकल्पात तेवढा वेळ धरायची ताकद नाही, म्हणून ती पाच बाजूला ठेवली. एक घर बँकेच्या ताब्यात आहे, दारावर सरफेसीची (थकलेल्या कर्जाच्या वसुलीची) नोटीस चिकटवलेली. त्याचा लिलाव होईल तेव्हा सगळं गाव येईल. आपला तो रस्ता नाही.

बाकीची घरं का वगळली ते लिहीत बसत नाही. तीन तर मुळात बंद नव्हतीच, आतली माणसं उशिरा उठतात इतकंच.

६ नोव्हेंबर, लाभपाचम

मुहूर्तावर पत्राचा मसुदा. पहिला धाकट्यानं केला होता: ‘आम्ही आपले घर रोखीने, तात्काळ, आहे त्या स्थितीत विकत घेतो.’ मावसभावाच्या पत्रावरून उचललेला. त्यांच्याकडे रोख म्हणजे कर्ज न काढता, पूर्ण पैसे बँकेतून एकदम. आपल्याकडे ‘रोखीने’ वाचलं की माणसाला पिशवी दिसते. ‘तात्काळ’ वाचलं की फसवणूक दिसते. फाडला.

माझा मसुदा असा:

‘सप्रेम नमस्कार. मी बडोद्याचीच, बाबाजीपुऱ्यात वाढलेली. जुन्या घरांची दुरुस्ती हे माझं काम. आपल्या घराजवळून जाताना मागच्या भिंतीत पिंपळ धरलेला दिसला. नुसता वरून छाटला तर पुन्हा फुटेल, मूळ काढावं लागेल. पुढच्या पावसाळ्याआधी न काढल्यास भिंत उघडण्याची भीती आहे, म्हणून कळवते. या घराचं पुढे काय करावं असा विचार आपल्याकडे चालू असेल तर मला घर घेण्यात रस आहे. मी दलाल नाही. विचार नसेल तर पत्र फाडून टाकावं, पुन्हा लिहिणार नाही.’

प्रत्येक पत्रात त्या त्या घराची एक खरी गोष्ट घातली. कुठे पन्हळ, कुठे सरकलेली नळिये (कौलं), कुठे उघडी राहिलेली माळ्याची खिडकी. हातानं लिहिली. चार पत्रं गुजरातीत. बंद पाकीट, पाच रुपयांचं तिकीट, साधं टपाल. धाकटा रजिस्टर करू म्हणत होता, पोचपावती मिळते म्हणून. पण आपल्या घरात रजिस्टर आलं की आधी देवाजवळ ठेवतात आणि मग वकिलाला फोन करतात.

एका माणसानं भागवार मालकांचे मोबाइल नंबर विकायची तयारी दाखवली, पाचशे नंबर एका फायलीत. घेतले नाहीत. कुणी माझा नंबर असा घेऊन फोन केला तर मी काय बोलेन ते मला माहीत आहे.

१९ नोव्हेंबर

अकरा पत्रं गेली, चार फोन आले. दोन पत्रं पत्ता चुकल्यानं परत.

पहिला फोन: “तुम्हाला आमचं घर बंद आहे हे कुणी सांगितलं?” स्वर चोर पकडल्याचा. मी पिंपळाचं सांगितलं तर म्हणाले, तो आम्हाला दिसतोय. दुसऱ्या बाईंना फक्त पन्हळ दुरुस्त करून हवी होती. साडेचार हजारांचं काम मिळालं, घेतलं. तिसऱ्यांनी दीड कोटी सांगितले आणि मी गप्प राहिले तर स्वतःच सव्वावर आले.

चौथा फोन चार नंबरच्या काकांचा. वय अडुसष्ट, आवाज खणखणीत. “या बघायला. सगळं माझ्याच हातात आहे.”

२३ नोव्हेंबर

नव्या जंत्रीचा मसुदा सरकारनं २० तारखेला जाहीर केला. मागे एप्रिल २०२३ मध्ये २०११ चे दर दुपटीपर्यंत वाढवले होते, आता हे नवीन. अजून हरकती-सूचना मागवल्यात, लागू काहीच नाही. पण मागच्या फोनवर सव्वा कोटीवर आलेले गृहस्थ आज सकाळी पुन्हा दीडवर गेले. जंत्री म्हणजे स्टॅम्प मोजण्यासाठी सरकारनं धरलेला किमान भाव, तेवढ्याला गिऱ्हाईक मिळेलच अशी हमी नव्हे. हे समजवायला मी त्यांच्याशी वीस मिनिटं बोलले. वाया.

२ डिसेंबर

चूक झाली, माझीच.

काकांबरोबर चार नंबरचं घर बाहेरून बघून आले. आत जायला किल्ली त्यांच्याकडे नव्हती, तिथेच मला शंका यायला हवी होती. ते ओटल्यावर उभं राहून मोठ्यानं भावाबद्दल बोलत होते, शिंपी ऐकत होता, समोरच्या गॅलरीतल्या बाई ऐकत होत्या.

रात्री साडेनऊला एका बाईंचा फोन. “माझ्या सासऱ्यांचं घर तुम्ही कुणाला विचारून बघायला गेलात?” या काकू, म्हणजे काकांच्या थोरल्या भावाच्या पत्नी, गोत्रीला मुलाकडे राहतात. किल्ली त्यांच्याकडे. त्यांना समोरच्या बाईंकडून कळलं, तेही असं की घर विकलं गेलं आणि पैसे धाकट्या दिरानं घेतले.

मी माफी मागितली. त्यांनी फोन ठेवला.

वेऱ्याच्या बिलावरचं नाव बघून एकाच वारसाला पत्र टाकलं, त्याचं हे फळ. पुढचा नियम: सगळे वारस कळल्याशिवाय कुणालाही पत्र नाही, आणि गल्लीत उभं राहून पैशाचा शब्द नाही.

एका ओळखीच्या दलालाला हे सांगितलं तर तो म्हणतो, बाई एकटी आहे ना, मग तिलाच आधी गाठा, तिचा हिस्सा स्वस्तात लिहून घ्या, बाकीचे मग झक मारत येतील. असे व्यवहार होतात हे खरं आहे. एका वारसाचा अविभक्त हिस्सा घेऊन बाकीच्यांवर वाटणीचा दावा लावायचा. मला त्या घरात गवंडी लावायचे आहेत, तारखा नकोत.

९ डिसेंबर

आईला सांगितलं. आईनं काकूंचं माहेरचं आडनाव विचारलं, दोन मिनिटं डोळे मिटले आणि म्हणाली, “तिची मोठी जाऊ आमच्या भजनी मंडळात होती.” मोठी म्हणजे चुलत. आई उद्या जाऊन येणार. मी येते म्हटलं तर, “तू नको. तू आलीस की तुझी मोजपट्टी येते.”

१५ जानेवारी २०२५, वासी उत्तरायण

दोन दिवस गच्चीवर. पतंग धाकट्यानं उडवले, मी छपरं बघितली. वर्षातून दोनच दिवस सगळं शहर गच्चीवर असतं आणि कुणी कुणाच्या छपराकडे बघितलं तर विचारत नाही. जिथे उंधियूची भांडी नाहीत, स्पीकर नाही, माणूस नाही, अशी छपरं वरून स्पष्ट दिसतात. चार नंबरचं छप्पर पहिल्यांदा बघितलं. मधल्या चौकाच्या बाजूची नळिये बसलीत, तिथे कटलेल्या पतंगांचा खच. पुढची पाखी शाबूत.

आई डिसेंबरात काकूंकडे तीनदा जाऊन आली. घराचा विषय तिसऱ्या खेपेला काकूंनीच काढला.

५ फेब्रुवारी

काल रथसप्तमी, हळदीकुंकवांचा शेवटचा दिवस. आईनं पुण्याच्या थोरल्या आत्यांचा नंबर आणला (काकूंचा मुलगा आत्या म्हणतो, म्हणून मीही). धाकट्या आत्या न्यू जर्सीत. मावसभाऊ ज्याला मालकाचा माग काढणं म्हणतो आणि त्यासाठी महिन्याला डॉलर मोजतो, ते आई वाणात मिळालेल्या स्टीलच्या वाटीबरोबर करून आली.

पेढीनाम्याचा (वंशावळीचा) कच्चा आराखडा. आजोबांनी घर १९५२ मध्ये स्वतःच्या पैशांनी, नोंदलेल्या दस्तावेजानं घेतलं. मृत्युपत्र न करता १९८७ मध्ये वारले. आजी १९९६ मध्ये. मुलं चार: दोन मुलगे, दोन मुली. थोरला २०११ मध्ये गेला. म्हणजे चार सारखे हिस्से, आणि थोरल्याच्या पाव हिश्शाचे पुन्हा तीन भाग: काकू, त्यांचा मुलगा, त्यांची मुलगी. सह्या सहा.

काका म्हणतात, बहिणींनी तेव्हाच हक्क सोडला होता. कुठे लिहून? “लिहून कशाला, घरातलं बोलणं.” वकीलसाहेब हसले. स्थावराचा हक्क सोडायचा तर नोंदलेला लेख लागतो, चहा पिताना सोडलेला हक्क जिथल्या तिथे राहतो.

सहाही जणांना एकच मजकूर असलेली पत्रं, एकाच दिवशी टाकली. यावेळी त्यात सगळ्यांची नावं घातली, म्हणजे कुणाला किती कळलं याचा संशय नको.

३ मार्च

काकूंनी किल्ली आणली. मुलगाही आला. काका येणार म्हणाले आणि आले नाहीत.

आत गेल्यावर काकू ना देवघराकडे गेल्या, ना स्वैपाकघराकडे. थेट चौकातल्या विहिरीपाशी जाऊन त्यांनी लोखंडी झाकणाची कडी ओढून पाहिली. घट्ट होती. मग म्हणाल्या, “आता बघा काय बघायचंय ते.” का ते मी विचारलं नाही.

मोजमाप: कार्डावर ११२.४ चौरस मीटर, म्हणजे १,२१० चौरस फूट. टेपनं मोजलं तर सुमारे ३० फूट कमी. शेजाऱ्याचा जिना मागच्या कोपऱ्यात आत सरकलाय. पाडून नवीन बांधायचं म्हटलं तर पुढची रस्तारेषा आणखी खाईल. म्हणून दुरुस्तीच.

खांब सागवानी, आठ. प्रत्येकाच्या पायथ्याशी पेचकस टोचला. सहा टणक. चौकाकडच्या दोघांत पेचकस अर्धा आत गेला, शिऱ्यात चमचा जावा तसा. वर, हाताच्या उंचीला तेच लाकूड घणघणीत वाजतं. म्हणजे ओल खालून आणि छपराच्या पाण्यातून, वाळवी त्यामागून. पायथा कापून दगडी जोत्यावर नवा तुकडा जोडता येईल. पूर्ण खांब बदलायची गरज नाही. तुळया बऱ्या. पिंपळाची भिंत चार फूट रुंद उतरवून चुन्यातच पुन्हा चढवावी लागेल. सिमेंट लावलं तर ओल आत कोंडेल, आणि दोन वर्षांनी नवा मालक मला शोधत येईल.

दुरुस्ती १४ लाख. मी १२ लिहिले होते, मग स्वतःचीच मागची बिलं आठवली.

३० मार्च, पाडवा

गोत्रीला काकूंच्या घरी सगळे. पुण्याच्या आत्या आदल्या रात्रीच्या गाडीनं आलेल्या, न्यू जर्सीच्या व्हिडिओवर. तिथे मध्यरात्र उलटलेली, तरी त्या साडी नेसून बसल्या होत्या. श्रीखंड-पुरी झाल्यावर मी कागद काढला. हिशोब लपवायचा नाही असं ठरवूनच गेले होते.

नीट केलेलं घर आज साधारण ८८ लाखांना जाईल. दुरुस्ती १४. स्टॅम्प आणि वकील साडेतीन. वर्षभर पैसे अडकणार त्याचं व्याज, विकतानाची दलाली मिळून ४. माझा नफा १२. उरले साडेचोपन्न. माझा आकडा ५२.

थोरल्या आत्यांनी चष्मा लावून कागद वाचला. “बारा लाख तुमचे कशाबद्दल?” मी म्हटलं, तुम्ही हेच घर स्वतः नीट करून विकलंत तर ते बारा तुमचे. सहा जणांपैकी कोण वर्षभर गवंड्यांमागे उभं राहणार ते ठरवा, मी खर्चाचा अंदाज फुकट लिहून देते. सगळे काकूंच्या मुलाकडे बघायला लागले. तो मोबाइलमध्ये बघायला लागला.

काका ७० म्हणाले, जंत्री येतेय म्हणून. मग म्हणाले, बरं ५४, पण आठ वरचे वेगळे. म्हणजे रोख, आणि त्यांच्या एकट्याच्या हातात. मी सरळ सांगितलं की घरासाठी वीस हजार किंवा त्यावर रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे, आणि मी देणार नाही. न्यू जर्सीहून आवाज आला, “दादा, अजून तेच?” त्यावर दहा मिनिटं जे झालं ते माझ्या वहीचं नाही. मी आईबरोबर बाहेर जाऊन बसले.

५४ ठरले. माझ्या वकिलावर अवलंबून राहू नका, तुमचा वेगळा वकील करा, असं काकूंना दोनदा सांगितलं. त्यांनी केला. त्यानं आमच्या मसुद्यात तीन दुरुस्त्या सुचवल्या, त्यातल्या दोन बरोबर होत्या.

४ एप्रिल

१ तारीख गेली, नवी जंत्री आली नाही. चालू जंत्रीनं किंमत आमच्या ५४ च्या खालीच येते, त्यामुळे तिकडून काही अडचण नाही.

१७ एप्रिल

कराच्या कागदांनी डोकं उठलंय. पन्नास लाखांवरच्या घराला घेणाऱ्यानं १ टक्का टीडीएस कापायचा. पूर्वी विकणारे अनेक असले की प्रत्येकाचा हिस्सा पन्नासच्या आत म्हणून लोक सोडून द्यायचे. १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्यांची मिळून किंमत धरतात. म्हणजे साडेचार लाखांच्या हिश्शावरही कापायचा, आणि प्रत्येक विकणाऱ्यासाठी २६ क्यूबी फॉर्म वेगळा. भारतातले पाच, फॉर्म पाच. काकांचा पॅन आधारला जोडलेला नव्हता. तसाच राहिला असता तर वीस टक्के कापावे लागले असते. त्यांच्या नातवानं बसून जोडून दिला.

न्यू जर्सीच्या आत्यांचं प्रकरण निराळं. अनिवासी विकणाऱ्याला १ टक्क्याचा नियम लागत नाही. कलम १९५, त्यासाठी मला टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) काढावा लागला, आणि कापायची रक्कमही बरीच मोठी. कमी कापण्याचा दाखला त्या आयकराकडून आणू शकतात, अर्ज टाकलाय. त्यांचं कुलमुखत्यारपत्र थोरल्या आत्यांच्या नावे, तिथे नोटरी आणि अपोस्टील (तिथल्या सरकारचा शिक्का) करून येईल. इथे आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर स्टॅम्प भरावा लागतो.

थोरल्या आत्यांना त्यांचा हिस्सा काकूंना द्यायचाय. सीएनं सुचवलं: चेक स्वतः घ्या, आपला कर भरा, मग वहिनीला बक्षीस द्या. नणंदेकडून आलेल्या बक्षिसावर तिला कर नाही.

दस्तावेज माझ्या एकटीच्या नावे करायचा. घेणारी बाई असली की गुजरातेत १ टक्का नोंदणी फी माफ, ५४ हजार वाचतात. स्टॅम्प ४.९ टक्के, २,६४,६०० रुपये, ते चुकत नाहीत. धाकटा म्हणाला, “म्हणजे माझं नाव कुठेच नाही?” त्याच्याशी वेगळा करार लिहून ठेवला.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

बानाखत (घर घेण्याचा करार) झालं. मुखत्यारपत्र आठ दिवसांपूर्वी आलं. दहा टक्के, ५ लाख ४० हजार, हिश्शाप्रमाणे: काका आणि दोन आत्या प्रत्येकी १,३५,०००, काकूंकडच्या तिघांना ४५,०००. न्यू जर्सीचा चेक टॅन हातात येईपर्यंत थांबवला, तसं बानाखतात लिहिलंय.

काकांनी चेक उलटसुलट बघितला. “१,३३,६५० का? माझे साडेतेराशे कुठे गेले?” फॉर्म दाखवला, तुमच्याच खात्यावर जमा दिसतील म्हटलं. घडी घालून खिशात ठेवला, पण पटलं असं वाटलं नाही.

१८ मे

वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीची चौदा दिवसांची मुदत काल संपली. लेखी हरकत एकही नाही. आज सकाळी शिंपी घरी आला.

त्याच्या वडिलांपासून ओटला त्यांच्याकडे, महिना चाळीस रुपये. शेवटची पावती २००६ ची, आजोबांच्या नावानं, थोरल्या मुलाच्या सहीची. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. सहा वारसांपैकी एकानंही हा भाडूत आहे असं सांगितलं नव्हतं. त्यांच्या हिशोबी तो ओटल्यावर बसतो इतकंच. मी ऑक्टोबरपासून त्याच्याशी बोलतेय आणि मीही विचारलं नाही.

वकील म्हणतात, १९४७ चा भाडे कायदा त्याला लागू होऊ शकतो, दस्तावेजाआधी लेखी मिटवा. काका म्हणतात, दोन माणसं पाठवून मशीन उचलू. ते होणार नाही. मी शिंप्याला दोन पर्याय दिले: ठरावीक रक्कम घेऊन लेखी सोडायचं, किंवा दुरुस्तीनंतर आठ बाय पाचची जागा नव्या भाडेकरारानं ठेवायची, नवा मालक ती मान्य करूनच घेईल. दुसरा पर्याय घेतला तर ८८ चे ८४ होतात, हे मी वहीत लिहितेय, त्याला सांगितलं नाही. तो मुलाला विचारून सांगणार आहे.

२३ मे

महापालिकेच्या निर्भयता शाखेची नोटीस दारावर चिकटवलेली. घर जर्जर आहे, धोकादायक भाग उतरवून घ्या किंवा दुरुस्त करा. नोटीस आजोबांच्या नावे, श्री लावून.

शिंप्यानं फोटो पाठवला. खाली लिहिलंय, “बेन, कागळ आव्यो छे.”

२५ मे

दस्तावेज जूनअखेरीच्या आत होत नाही. न्यू जर्सीचा दाखला नाही, शिंप्याचं उत्तर नाही. पाऊस कुणासाठी थांबणार नाही. मालक अजून मी नाही, म्हणून टेकू लावायचा खर्च कायद्यानं माझा नाही. सहा जणांना विचारलं तर सहा उत्तरं आली, त्यातलं एक उत्तर म्हणजे नुसता नमस्काराचा हात.

काकूंच्या वकिलाकडून एक पानाचं संमतिपत्र करून घेतलं: टेकू, चौकावर ताडपत्री आणि पिंपळाची भिंत उतरवणं मी करायचं, खर्च ६८,०००, व्यवहार झाला तर किमतीतून वजा, मोडला तर सहांनी हिश्शाप्रमाणे परत. पाच सह्या आल्या. काकांची यायचीय. आई संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन येते म्हणाली.

सुतार उद्या सात वाजता. किल्ली काकूंकडून आणली. शिंप्याला मशीन दोन दिवस समोरच्या ओट्यावर हलवायला सांगितलंय, भाडं मी देईन म्हटलं. तो म्हणाला, भाडं नको, पावती द्या.